देशादेशांत ब्रॉडबँडच्या वेगात एवढा फरक का पडतो?

शोधयात्री

देशांच्या ब्रॉडबँड वेगाची यादी निघाली की चर्चेत दोन उत्तरं ठरलेली असतात. "देश छोटा आहे, त्यांना सोपंच जाणार" हे पहिलं, आणि "त्यांच्याकडे पैसा आहे" हे दुसरं. दोन्ही मला अपुरी वाटतात, म्हणून हा धागा.

रोमानिया हा युरोपीय संघातल्या कमी उत्पन्नाच्या देशांपैकी एक, तरी तिथलं घरगुती इंटरनेट कित्येक वर्षं जर्मनीपेक्षा वेगवान राहिलं आहे. आइसलँडमध्ये दर चौरस किलोमीटरला सरासरी चार माणसंही नाहीत, तरी बहुतेक घरांपर्यंत फायबर, म्हणजे प्रकाशाने माहिती नेणारा काचेचा तंतू, गेलेलं आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय जाळ्याचं काम साधारण एकाच सुमारास हाती घेतलं आणि दोघांची फळं वेगळी निघाली. काच सगळ्यांना सारखीच मिळते. तिच्यातून प्रकाश सगळीकडे सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर याच वेगाने जातो. मग फरक येतो कुठून?

माझं मत आधीच मांडतो. फरक पडतो तो घराच्या अलीकडच्या शेवटच्या टप्प्यात. जमिनीखाली आधीपासून काय पुरलेलं आहे आणि त्याच्या मालकाला ते इतरांना वापरू द्यावं लागतं का, या दोन गोष्टी तिथे तंत्रज्ञानापेक्षा जास्त ठरवतात.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट, म्हणजे डीएसएल, एक्स्चेंजपासूनचं अंतर वाढलं की झपाट्याने मंदावतं. एडीएसएल२+ या त्याच्या प्रकाराची कागदावरची कमाल २४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), पण ती टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारच्या घरांसाठी. तीन-चार किलोमीटर दूर गेलं की तिचा पाव-तिसरा हिस्सा उरतो. व्हीडीएसएल२ या नंतरच्या प्रकाराने शंभरच्या आसपास जाता येतं, मात्र काहीशे मीटरांच्या आतच. म्हणून कंपन्या रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत फायबर आणतात आणि तिथून घरापर्यंत जुनं तांबंच ठेवतात. ज्या देशांनी विसाव्या शतकात घरोघरी उत्तम टेलिफोन पोचवले, त्यांच्याकडे हे तांबं मुबलक आणि चांगल्या स्थितीत होतं. त्यातून आणखी वीस वर्षं उत्पन्न मिळत असताना ते मोडीत काढायची घाई कोणती कंपनी करेल? ज्यांच्याकडे टेलिफोनचं जाळं तोकडं होतं, त्यांना जपण्यासारखं काही नव्हतंच.

तुमच्याकडची माहिती आणि मतभेद दोन्ही हवे आहेत.

उत्तरवारा

उत्तम विषय. जर्मनीचा उल्लेख केलात, त्यात भर घालतो.

१९८१ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने फायबरचं जाळं टप्प्याटप्प्याने देशभर उभारायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी सत्तापालट झाला. हेल्मुट कोल यांच्या सरकारातले टपालमंत्री ख्रिस्टियान श्वार्त्स-शिलिंग यांनी केबल टीव्हीसाठी तांब्याच्या कोएक्स केबलवर सगळा भर दिला. त्या काळी फायबर महाग होतं, तंत्र नवं होतं आणि लोकांना जास्त वाहिन्या हव्या होत्या. त्यामुळे त्या वेळचा विचार करता तो निर्णय अगदी अविचारी होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचे परिणाम पुढच्या दोन पिढ्यांना भोगावे लागले.

याहून बोलकी गोष्ट पूर्व जर्मनीतली आहे. एकीकरण झालं तेव्हा तिथे फार थोड्या घरांत टेलिफोन होता. नव्वदच्या दशकात डॉइच टेलेकॉमने तिथल्या अनेक वस्त्यांत ओपाल नावाची यंत्रणा उभारली. फायबर जवळजवळ घरापर्यंत आणलं, पण टेलिफोन आणि टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून. मग डीएसएलचा जमाना आला. डीएसएलला एक्स्चेंजपासून घरापर्यंत सलग तांबं लागतं. त्यामुळे ज्यांच्या गल्लीत फायबर होतं, नेमके तेच लोक ब्रॉडबँडवाचून राहिले. काही ठिकाणी तर कंपनीला नव्याने तांब्याच्या तारा टाकाव्या लागल्या.

म्हणून शोधयात्री, जमिनीत काय पुरलंय एवढं पाहून भागत नाही. ते कशासाठी आखलं होतं आणि त्याच्या दोन्ही टोकांची यंत्रं बदलायची कुणाची तयारी आहे, हेही पाहावं लागतं.

रानपाखरू

वस्तीच्या दाटीचा मुद्दा तुम्ही फार पटकन बाजूला सारलात.

दक्षिण कोरिया पाहा. बहुसंख्य लोक उंच इमारतींच्या मोठमोठ्या संकुलांत राहतात. एका इमारतीच्या तळघरापर्यंत फायबर नेलं की शेकडो घरं एकदम हाताशी येतात, आणि तळघरापासून घरापर्यंतची तार इतकी आखूड की साध्या तांब्यावरही भरपूर वेग मिळतो. शिवाय १९९९ पासून सरकारने इमारतींना त्यांच्या इंटरनेट सोयींनुसार दर्जाचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. घर विकताना ते प्रमाणपत्र दाखवता येत असल्याने बांधकाम व्यावसायिक आपणहून चांगली जोडणी करू लागले.

आइसलँडचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. देश मोठा आणि रिकामा, पण जवळपास दोन तृतीयांश लोक रेक्याविक आणि त्याच्या परिसरात एकवटलेले. देशाच्या क्षेत्रफळाला लोकसंख्येने भागून काही कळत नाही. माणसं कशी वसली आहेत ते महत्त्वाचं.

शोधयात्री

@रानपाखरू, माणसं कशी वसली आहेत हा मुद्दा पूर्ण मान्य, सरासरीपेक्षा तो कितीतरी चांगला. पण दाटी असून काम झालं नाही याचीही उदाहरणं आहेत. ब्रिटन हा दाट वस्तीचा, शहरी, सधन देश. तरी २०१७ साली तिथल्या फक्त ३ टक्क्यांच्या आसपास घरांना पूर्ण फायबर उपलब्ध होतं. बाकीच्यांची गाडी रस्त्याकडेच्या पेटीपाशी अडलेली.

कोरियातही इमारतींच्या जोडीला स्पर्धा होती. थ्रूनेटने १९९८ मध्ये केबलवरून ब्रॉडबँड सुरू केलं, १९९९ मध्ये हानारो टेलिकॉमने एडीएसएल आणलं. जुन्या कोरिया टेलिकॉमचा जम टेलिफोनच्या धंद्यात बसलेला होता. या दोघांनी ग्राहक पळवायला सुरुवात केल्यावर तिला वेग वाढवावाच लागला. त्याच इमारती असत्या आणि कंपनी एकच असती, तर इतक्या लवकर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

सांधणीकार

फायबर सांधायच्या कामात आहे, म्हणून खर्चाबद्दल लिहितो. या चर्चांत नेहमी केबल आणि मशीन यांच्याबद्दल बोललं जातं. पैसा जातो तो खड्ड्यात.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये ब्रॉडबँडचा खर्च कमी करण्यासाठी एक निर्देश काढला, त्यात हेच नमूद आहे: वेगवान जाळं उभारण्याच्या खर्चातला ८० टक्क्यांपर्यंतचा भाग खोदकाम आणि स्थापत्यकामाचा असू शकतो. रस्ता फोडायची परवानगी, वाहतूक वळवणं, पाण्याच्या आणि गॅसच्या नळांना धक्का न लावता चर घेणं, डक्ट (केबल ओढायच्या नळ्या) टाकणं, मग रस्ता पूर्ववत करणं. या खर्चापुढे काचेची किंमत किरकोळ. केबलमध्ये ४८ तंतू घाला नाहीतर २८८, चर तेवढाच लागतो. म्हणूनच पहिल्यांदा खोदताना भरपूर तंतू टाकून ठेवावेत असं आम्ही पोटतिडकीने सांगतो, आणि बहुतेक वेळा ऐकलं जात नाही. नंतर तंतू संपले की तीच जागा पुन्हा फोडा.

आता हा खड्डा ज्यांनी वाचवला ते देश पाहा.

पॅरिसमध्ये भुयारी गटारं इतकी प्रशस्त आहेत की माणूस उभा चालतो. फायबर त्यांतूनच नेलं, रस्ते फारसे फोडावे लागले नाहीत. स्पेनमध्ये टेलिफोनिकाकडे देशभर डक्ट होते. २००९ मध्ये नियामकाने तिला ते ठरावीक दराने प्रतिस्पर्ध्यांना वापरू द्यायला लावले. मग इतर कंपन्यांनी त्याच डक्टांतून आपापलं फायबर ओढलं, टेलिफोनिकालाही स्वतःचं टाकावं लागलं, आणि आज घरापर्यंतच्या फायबरमध्ये स्पेन युरोपात अगदी पुढे आहे. स्टॉकहोमने १९९४ मध्येच स्टोकाब नावाची महापालिकेची कंपनी काढली. ती ग्राहकाला इंटरनेट विकत नाही. ती फक्त डार्क फायबर, म्हणजे टोकाला यंत्र न जोडलेले नुसते तंतू, भाड्याने देते आणि सगळ्या कंपन्यांना सारख्याच अटींवर देते. शहर एकदाच खोदलं गेलं.

खांबांवरून केबल नेणं हा दुसरा मार्ग. जपानमध्ये आणि कोरियात त्याचा भरपूर वापर झाला. वादळात तुटते, दिसायला वाईट, पण काम काही दिवसांत होतं. जिथे सगळं जमिनीखालीच हवं असा आग्रह आहे, तिथे तेच काम महिनोन्‌महिने रेंगाळतं.

आणि ज्यांना कुणीच विचारत नव्हतं त्यांचंही एक उदाहरण. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या ग्रामीण भागात २०११ मध्ये बीफोरआरएन नावाची लोकांची संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून वाट फुकट दिली, गावकऱ्यांनी स्वतः चर खणले, सांधणी शिकून घेतली, आणि विखुरलेल्या वाड्यांना गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिटच्या) जोडण्या दिल्या. तेव्हा कितीतरी मोठ्या शहरांत तसा वेग मिळत नव्हता. मऊ मातीच्या शेतातून चर घेणं डांबरी रस्त्यापेक्षा अनेक पटींनी स्वस्त पडतं, अट एकच, जमीनमालक आडवा येता कामा नये. या लोकांबद्दल मला फार आदर आहे.

निळीशाई

सांधणीकार, प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाबद्दल. एप्रिल २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात केविन रड यांच्या सरकारने एनबीएन हे राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळं जाहीर केलं: ९० टक्के ठिकाणांना थेट फायबर. काम संथ चाललं, खर्चावरून वाद झाले. २०१३ मध्ये सरकार बदललं आणि योजना फिरवली गेली. शक्य तिथे जुनं तांबं आणि टीव्हीची केबलच वापरायची, फायबर रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत. लवकर आणि स्वस्तात होईल असा दावा होता. २०२० मध्ये त्याच आघाडीच्या सरकारला, तांब्यावरच्या लाखो घरांपर्यंत फायबर नेण्यासाठी वेगळा पैसा जाहीर करावा लागला. एकाच गल्लीसाठी दोनदा खर्च.

न्यूझीलंडने सरकारी पैसा देताना आधी अट घातली. फायबर टाकणारी कंपनी ग्राहकांना थेट सेवा विकणार नाही. टेलिकॉम न्यूझीलंडला हे काम हवं होतं, म्हणून २०११ मध्ये तिने स्वतःचे दोन तुकडे केले. जाळ्याचा भाग कोरस नावाने वेगळा झाला. कोरसकडे स्वतःचे घरगुती ग्राहकच नाहीत, त्यामुळे एका कंपनीला झुकतं माप देण्यात तिचा फायदा नाही, आणि जितकी घरं फायबरवर येतील तितकं तिचं उत्पन्न. सरकारं तिथेही बदलली, पण योजना तीच राहिली. २०२२ च्या अखेरीस ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोचलं.

दोन्ही देश विरळ, दोन्ही सधन. दाटी आणि पैसा हे दोन्ही मुद्दे इथे तरी गळून पडतात.

रानपाखरू

न्यूझीलंडचं पटलं. पण मग रोमानियात कुठे जाळं आणि सेवा वेगळी केली होती? तिथे तर कुणी अटीही घातल्या नव्हत्या.

उत्तरवारा

रोमानियात दुसऱ्याच टोकाने काम झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर तिथल्या जुन्या वसाहतींतल्या तरुणांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत इथरनेटच्या, म्हणजे संगणक थेट जोडणाऱ्या, तारा ओढायला सुरुवात केली. आधी खेळ खेळायला आणि फायली वाटून घ्यायला, मग सगळ्यांनी मिळून एक इंटरनेट जोडणी घेऊन वाटून वापरायला. अशी वस्तीपुरती जाळी शेकड्यांनी उभी राहिली. तारा खांबांवरून आणि गच्च्यांवरून गेलेल्या, परवानगीचा प्रश्न फारसा कुणी काढला नाही. पुढे मोठ्या कंपन्यांनी ही छोटी जाळी विकत घेतली, त्यात आज डिजी या नावाने ओळखली जाणारी कंपनी आघाडीवर होती. इथरनेटची सवय झालेल्या ग्राहकाला डीएसएल विकणं शक्यच नव्हतं, त्यामुळे पुढची पायरी थेट फायबरची.

म्हणजे दोन वाटा दिसतात. ज्याच्याकडे जाळं आहे त्याला ते वाटून द्यायला लावा, किंवा नवं जाळं टाकणाऱ्याच्या वाटेत अडथळे ठेवू नका. स्पेनमध्ये दोन्ही थोडं थोडं झालं.

शोधयात्री

आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत दोन्ही वाटा बंद राहिल्या.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या टेलिफोन कंपन्यांना आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणं बंधनकारक केलं होतं. केबल कंपन्यांना मात्र ते लागू करायचं नाही असं एफसीसी या दूरसंचार नियामकाने ठरवलं, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रँड एक्स खटल्यात तो निर्णय उचलून धरला. त्याच वर्षी टेलिफोन कंपन्यांनाही डीएसएलच्या बाबतीत मोकळीक मिळाली. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी ग्राहकापुढे एक केबल कंपनी आणि एक टेलिफोन कंपनी एवढेच पर्याय उरले, कित्येक ठिकाणी एकच.

टेनेसीतल्या चॅटानूगा शहराच्या सार्वजनिक वीज संस्थेने २०१० मध्ये सगळ्या ग्राहकांना गिगाबिट जोडणी देऊ केली. शेजारच्या गावांनाही ती हवी होती, पण राज्याच्या कायद्याने या संस्थेला तिच्या वीजपुरवठ्याच्या हद्दीबाहेर इंटरनेट द्यायला मनाई आहे. तंत्र, माणसं, पैसा सगळं तयार, आणि हद्दीपलीकडचे लोक मंद जोडणीवर. हे वाचलं की मला खरोखर चीड येते.

अक्षांश

वाचतोय, छान चाललंय. एक मूलभूत शंका: हे देशांचे आकडे मोजतात कसे?

निळीशाई

@अक्षांश, बहुतेक याद्या लोकांनी स्वतः केलेल्या स्पीड टेस्टवरून बनतात. त्यात तीन अडचणी. एक, चाचणी सहसा जवळच्या सर्व्हरपाशी होते, बरेचदा तो तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. दोन, मध्ये वायफाय असतं. गिगाबिट जोडणी घेऊन जुन्या राउटरवर ६० एमबीपीएस दिसणारे पुष्कळ आहेत. तीन, लोकांनी कोणता प्लॅन घेतलाय ते मोजलं जातं, काय मिळू शकतं ते नाही. सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, पाहावा, थोड्या अतिवेगवान जोडण्यांनी तो फुगत नाही.

दर्यावर्दी

सगळे शेवटच्या टप्प्याबद्दल बोलताहेत. काही देशांत अडचण पहिल्या टप्प्यातच असते.

टोंगाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल २०२२ मध्ये एकच होती. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ती तुटली आणि सुमारे पाच आठवडे देशाचं बाहेरचं इंटरनेट उपग्रहाच्या तुटपुंज्या क्षमतेवर चाललं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला २००९ पर्यंत मोठी केबलच नव्हती, सगळी भिस्त उपग्रहांवर. भूस्थिर उपग्रह साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो, विनंती वर जाऊन खाली, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, म्हणजे कमीत कमी अर्धा सेकंद त्यातच गेला. सीकॉम आणि टीम्स या केबल २००९ मध्ये आल्या आणि चित्र पालटलं. ज्यांना समुद्रकिनारा नाही, अशा चाडसारख्या देशांना तर शेजाऱ्याच्या भूमीतून आणि त्याच्या मर्जीनेच यावं लागतं.

दुसरी गोष्ट देशांतर्गत देवाणघेवाणीची. एकाच शहरातल्या दोन कंपन्या एकमेकींशी थेट जोडलेल्या नसतील, तर एकीच्या ग्राहकाचा ईमेल परदेशी फेरी मारून दुसरीकडे येतो. नैरोबीत स्थानिक कंपन्यांनी २००० साली स्वतःचं एक्स्चेंज पॉइंट सुरू केलं. सरकारी मक्तेदार कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने ते बंद पाडलं, आणि २००२ मध्ये ते पुन्हा उघडलं. फ्रँकफर्ट आणि ॲम्स्टरडॅम इथली अशी ठिकाणं प्रचंड आहेत, आसपासच्या सगळ्या देशांना त्यांचा लाभ होतो.

अंतरामुळे निव्वळ विलंब होतो असं समजू नका, वेगही मार खातो. पोच मिळेपर्यंत जुना संगणक ६४ किलोबाइटच पाठवू शकत असे. जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर गणित २.६ एमबीपीएसवर थांबतं, मग जोडणी कितीही मोठी घ्या. आताच्या प्रणाली ही मर्यादा आपोआप वाढवतात, तरी दूरच्या सर्व्हरवर फरक जाणवतोच.

अवांतर: शेवटचा टप्पा उत्तम असूनही मधल्या व्यवहारात अडकता येतं. कोरियात नेटवर्क वापराचे दर परवडत नाहीत असं सांगत ट्विच या थेट व्हिडिओ प्रसारणाच्या सेवेने २०२२ मध्ये तिथल्या व्हिडिओचा दर्जा ७२०पीवर आणला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देशच सोडला.

अक्षांश

धन्यवाद दोघांनाही. मग सगळीकडे फायबर पोचलं की हा फरक मिटेल ना?

सांधणीकार

मिटणार नाही, कारण फायबरचेही प्रकार आहेत.

जगात बहुतेक ठिकाणी जीपॉन ही पद्धत आहे. एका तंतूवर घराकडे येताना २.५ आणि घरातून जाताना १.२५ गिगाबिट, आणि तो स्प्लिटरने (प्रकाश विभागणाऱ्या भागाने) ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. रोजच्या वापराला पुरतं. पुढे एक्सजीएस-पॉन ही नवी पद्धत बसवली की त्याच काचेवर १० गिगाबिट मिळतात, फक्त दोन टोकांची यंत्रं बदलायची. पण स्प्लिटर आहे तोवर तंतू वाटून घ्यावा लागतो, आणि नव्या कंपनीला त्यात स्वतंत्रपणे शिरता येत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये अनेक शहरांत प्रत्येक घरापर्यंत वेगळे चार तंतू नेलेत, मध्ये स्प्लिटर नाही. म्हणून इनिट७ सारखी छोटी कंपनी एक तंतू भाड्याने घेऊन, टोकाला स्वतःचं यंत्र लावून २०२१ पासून घरगुती ग्राहकाला २५ गिगाबिट देऊ शकते. तिथली मोठी जुनी दूरसंचार कंपनी स्विसकॉम खर्च वाचवायला स्प्लिटरच्या रचनेकडे वळू लागली, तेव्हा इनिट७ने तक्रार केली आणि डिसेंबर २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने स्विसकॉमला ते काम थांबवायला सांगितलं. न्यायालयानेही आयोगाचीच बाजू घेतली. २०२२ मध्ये स्विसकॉमने प्रत्येक घराला स्वतंत्र तंतू देण्याच्या रचनेकडे परत जाण्याचं जाहीर केलं. स्प्लिटर लावून बांधून ठेवलेल्या लाखो जोडण्या तोवर विकता येत नव्हत्या, त्या एकेक करून पुन्हा ओढाव्या लागताहेत.